छाट

होटगी रोडवरचं आमचं हॉस्पिटल,
तळमजला, एक्स-रेच्या शेजारी
खिडकी क्रमांक दोन.
मी मणक्यांची बिलं करतो.

स्क्रूला एक कोड, रॉडला दुसरा,
दोन मणक्यांमधल्या पिंजऱ्याला तिसरा.
डब्यावरचं स्टिकर थिएटरमधून येतं
फाइलला चिकटून,
कधी कडेला तपकिरी बोट उमटलेलं.
लॉट नंबरातला शून्य आहे की ओ
मी दोनदा बघतो.
एवढीच माझी शस्त्रक्रिया.

नरसव्वा कुडिक्याल, वय एकसष्ट, विडी घरकुल.
कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून घसरलेला.
स्क्रू चार, रॉड दोन, पिंजरा एक.
मंगळवारी पाठवलं, शनिवारी विमावाल्यांचं उत्तर:
तीन मंजूर. चौथ्या स्क्रूचं कारण द्या.
कारणासाठी चौकोन, दोनशे अक्षरांचा.

डॉक्टर म्हणाले, लिही, अस्थिरता.
लिहिलं.
एकशे शहाण्णव उरली.

मांडीवर सूप, बेचाळीस वर्षं,
मान खाली, पाठ कमान,
दिवसाला हजार, पंचवीसचा कट्टा,
पान कमी पडलं तर पदरचं.
संध्याकाळी चेकर कट्टा सोडून बोटांनी चाचपायचा,
नको ती विडी बाजूला. छाट.
छाटीची मजुरी नाही.
मला कसं माहीत?
माझ्या आईचा कट्टाही त्याच टेबलावर सुटायचा.

हे काही मी चौकोनात लिहिलं नाही.

गुरुवारी ती पट्टा बांधून आली,
वॉकर पुढे, सून मागे, बाहेर बेचाळीस डिग्री.
म्हणालो, अम्मा, एका स्क्रूचे पैसे कापलेत,
ते तुम्हाला भरावे लागतील.
ती जाळीला धरून उभी.
'म्हणजे छाट निघाला की.'
'हो.'
गुपित विचारायला वाकायला गेली,
वाकता येईना, तशीच ताठ राहून म्हणाली,
'कुठला रे बाबा? वरचा का खालचा?
त्या अंगाला जरा जपून बसते.'

मी स्क्रीनवर शोधलं. खरंच शोधलं.
वरचा-खालचा असा रकाना नव्हता.
आई म्हणायची, छाटीतल्या विड्या
चेकर काय नाल्यात टाकतो होय?
त्याही विकतात. त्याही पेटतात.

'कुठलाही असू दे,' म्हणालो, 'धरून आहे तो.'

तिने कमरेची पिशवी सोडली.
शंभराच्या नोटा, घड्या पडलेल्या.
अंगठ्याने सरकवत मोजू लागली,
पंचवीसला थांबली,
गठ्ठा बाजूला ठेवला,
परत एकपासून.