वीस किलो

विमानाला अजून एकोणीस दिवस आहेत
आणि नाझिब्रोलाने आज वरच्या दोन दाढा बसवून घेतल्या.
म्हणाली, इटलीत एका दाढेला जेवढे पडतात
तेवढ्यात कुताईसीत अख्खं तोंड होतं.
भूल उतरेपर्यंत ती अर्ध्याच ओठांनी बोलत राहिली.
अर्धं मला कळलं.

घरात आता प्रत्येक वस्तूला दुसरं नाव आहे.
फडताळावर चिठ्ठी, मिठाच्या बरणीवर चिठ्ठी,
शेगडी, खिडकी, उशी.
एकदा माझ्या पाठीवरही चिकटवली होती,
मी तशीच घेऊन त्सियालाकडे किसणी मागायला गेलो.
त्सियालाने चार वर्षं तिकडे काढली आहेत, तिला सगळं वाचता येतं.
हसली, पण काय लिहिलंय ते सांगेना.
चिठ्ठी अजून खिशात आहे. अर्थ मी शोधला नाही.

रात्री जेवणं झाली की मी म्हातारी होतो.
म्हणजे बारी शहरातली ती, सिन्योरा कोणीतरी,
ब्याण्णव वर्षांची, डावी बाजू लुळी पडलेली.
पलंगावर आडवा होतो, अंग टाकून देतो.
नाझिब्रोला फोनमधला व्हिडिओ बघत
एक हात माझ्या खांद्याखाली घालते, एक कमरेखाली,
"पियानो, पियानो," म्हणते, म्हणजे हळू, हळू,
आणि मला कुशीवर वळवते.
तीस वर्षांत तिने मला असं
दोन्ही हातांनी सांभाळून कधी वळवलं नव्हतं.
घोरायला लागलो की कोपर मारायची, तेवढंच.

मग विचारते, "दोवे ले फा माले?" कुठे दुखतंय?
मी गुडघा दाखवतो. ती शब्द शोधते, वहीत लिहिते.
मी घोटा दाखवतो. मग मान. मग कानशील,
करंगळी.
"एवढं कुठे दुखतं एका बाईला!"
ब्याण्णव वर्षांची आहे, मी म्हणतो, दुखणारच.
बारा वाजून जातात.

सकाळची शिकवणी माझी.
कपड्यांचं मशीन: मधल्या बटणाला हात लावायचा नाही.
गॅसचं बिल पंधरा तारखेच्या आत.
तपकिरी कोंबडी लबाड आहे,
तिची अंडी जळणाच्या लाकडांमागे शोधायची.
आणि गाय.
गाय मला धार काढू देत नाही.
पहिल्या दिवशी लाथ, दुसऱ्या दिवशी बादली उपडी,
तिसऱ्या दिवशी नुसती मान वळवून पाहिलं,
ते लाथेपेक्षा वाईट.
शेवटी त्सियालानेच सांगितलं, बायकोचं जाकीट घाल.
निळं, कोपराशी उसवलेलं, दुधाचा आणि धुराचा वास मारणारं.
डोक्याला तिचा रुमालही बांधला.
बोललो नाही, खोकलो नाही.
गायीने पान्हा सोडला.
गोठ्याच्या दारात नाझिब्रोला पोट धरून हसत होती,
नव्या दाढा दिसेपर्यंत.

काल बॅग भरली.
द्राक्षं तोलायच्या ताणकाट्याला टांगली:
तेवीस किलो चारशे. परवानगी विसाची.
आलुबुखाराच्या चटणीच्या दोन्ही बाटल्या निघाल्या.
बूट पायातच घालून जाईन म्हणाली.
मालखाझच्या लग्नाचा फोटो घेतला, चौकट इथेच.
अक्रोड राहिले; त्यांच्या टरफलांचं वजन
मी चार रात्री बसून आधीच कमी केलं होतं.
वाळवलेल्या झेंडूची पूड राहिली,
रश्शात चिमूटभर पडते, तिला वजन ते कसलं.
काटा एकवीसवर अडला.

मग तिने तळाशी, ब्रशने झाडून घडी घातलेलं
निळं जाकीट बाहेर ओढलं.
तिकडे थंडी नसते का, मी विचारलं.
समुद्र आहे, ती म्हणाली, फार नसावी.
आणि गायीला लागेल.
हो, मी म्हटलं, गायीला लागेल.

एकोणीस किलो नऊशे.
म्हणजे शंभर ग्रॅम शिल्लक.
दिवे लागायची वेळ झाली तरी आम्ही दोघं
घरभर फिरत होतो,
शंभर ग्रॅमचं काय न्यावं ते शोधत.