निघाल्याची वेळ

लॅव्हेंडर हिलमध्ये लॅव्हेंडर नाही,
टेकडीही नाही.
वाळू आहे, आग्नेयेचा वारा आहे,
आणि चर्चच्या मागच्या हॉलमध्ये
अकरा प्लास्टिकच्या खुर्च्या.
हॉल फुकट मिळतो, चहा-साखर आमच्या मशिदीतून येते,
आणि सोमवार ते गुरुवार
मी मुलांना नोकरीच्या लायक करते.

असंच लिहिलंय कागदावर. लायक.
मी सव्वीस वर्षं शर्टांच्या कॉलर शिवल्या.
मग कारखाना समुद्रापलीकडे गेला
आणि कुणी विचारलं नाही,
रुवेदा, तू आता कशाच्या लायक.

पहिला धडा : हात कसा मिळवायचा.
चुरगाळायचा नाही, मेल्या माशासारखा द्यायचा नाही,
आणि डोळ्यांत बघायचं.
रीगन म्हणाला, आंटी, आमच्या गल्लीत
डोळ्यांत बघितलं की सुरी निघते.
मग भुवयांच्या मधोमध बघ, म्हटलं,
साहेबाला फरक कळत नाही.
माझ्या नवऱ्याला तीस वर्षं कळला नाही.

दुसरा धडा : बायोडेटा.
मधली दोन वर्षं कोरी ठेवून
ड्युरँड पेन चावत बसला.
आत असताना काय करायचास?
लापशी ढवळायचो. चारशे जणांची.
लिही मग : स्वयंपाकघर, चारशे माणसं, पहाटे चार.
पत्ता विचारला तर?
तर खरा सांग.

कपाटात टाय एकच, वाइनच्या रंगाचा.
त्याची गाठ मी कधी सोडत नाही,
सैल करते फक्त,
एकाच्या मानेवरून काढून दुसऱ्याच्या मानेत.

तिसरा धडा वक्तशीरपणा,
आणि त्यातच चॅडविन नापास.
नऊ वीस. नऊ पस्तीस. एकदा तर दहा,
बूट घोट्यापर्यंत चिखलात.
मी लाल पेनानं लिहीत गेले.
तीन लाल म्हणजे खुर्ची यादीतल्या पुढच्याला,
नियम माझा नाही, पण पेन माझंच होतं.

पत्र द्यायला मीच गेले.
चार मिनिटं लागली.
त्यांच्या दारातून हॉलची खिडकी दिसते,
खिडकीत मी ठेवलेली किटलीसुद्धा.
एवढं जवळ घर, आणि तुला उशीर?
तो काही बोलला नाही.
त्याची धाकटी बहीण झोई, दात पडलेली,
तिनं बोटानं दाखवलं :
तो रस्ता त्यांचा आहे, आंटी.
दादा कालव्यानं जातो, मग पाणथळीमागून,
मग शाळेला वळसा घालून.
वेलरॉय मागच्या वर्षी सरळ गेला होता.
पाव आणायला.

मी परत आले त्याच रस्त्यानं,
सरळ, चार मिनिटांत.
नाक्यावरची पोरं म्हणाली, सलाम आंटी.
माझ्या डोक्यावरच्या रुमालाला
कुणाची हद्द लागत नाही.
पत्र पर्समध्येच होतं.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वहीत
पट्टी धरून पेन्सिलीनं एक रकाना आखला :
निघाल्याची वेळ.
रीगन, आठ पन्नास.
ड्युरँड, साडेआठ.
चॅडविन, सात चाळीस.

शहरातल्या ऑफिसातून फोन आला,
हा रकाना आमच्या नमुन्यात बसत नाही.
म्हटलं, बाई, तो रस्ताही बसत नाही.
त्यांनी पुन्हा विचारलं, कुठला रस्ता?
किटली उकळत होती, मी ठेवून दिला.

बुधवारी शीतगृहाची मुलाखत.
आदल्या दिवशी मी साहेब झाले,
चष्मा नाकावर, समोर रिकामी फाइल.
तुमचा एखादा गुण सांगा.
चॅडविननं टाय चाचपला,
माझ्या भुवयांच्या मधोमध बघितलं,
बराच वेळ.
मी लवकर निघतो, म्हणाला.

लागली की नाही, अजून कळलेलं नाही.
टाय त्याच्याकडेच आहे,
आणि उद्या रीगनची पाळी.