जिथे चुंबक चिकटत नाही

माझ्या खिशात एक चुंबक असतं,
फ्लॅनेलच्या चिंधीत गुंडाळलेलं. रंगावर ओरखडा नको.
जुन्या गाड्यांची किंमत करणं हा माझा धंदा.
पत्रा थापा मारतो. चुंबकाला ते जमत नाही.

हॅनफर्डला पोचलो तेव्हा दुपार रणरणत होती,
बदामांच्या बागांवरून धूळ येत होती
आणि दुधाच्या गोठ्यांचा वास गावभर.
इल्डा फुर्तादोने कोठाराचं दार सरकवलं.
"ही बाबांची. बघा काय ते."

एकोणीसशे पन्नासची मर्क्युरी.
छप्पर पुढून चार इंच कापून खाली बसवलेलं, मागून पाच;
खिडक्या इतक्या चिंचोळ्या
की गाडी उन्हाकडे डोळे बारीक करून बघतेय असं वाटावं.
दारांच्या मुठी नाहीत. बॉनेटवरचं नाव नाही.
कारखान्याने मिरवायला जे जे लावलं
ते ते आवेलिनो फुर्तादोने त्रेपन्न साली
संध्याकाळची धार काढून झाल्यावर
रात्री रात्री उतरवलं, भोकं बुजवली.
चांगल्या गाडीचं वाटोळं केलं, म्हणाले शेजारी.

आज भाव आहे तो त्या वाटोळ्याला.

चुंबक फिरवत गेलो.
टपावर चट्. दारावर चट्.
मागच्या खांबाच्या वळणावर आलो
आणि ते सुटून माझ्या तळहातात पडलं.
पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.
टिचकी मारली. पुट्टी असती तर पोकळ वाजली असती.
हे मुकं होतं, जड, थंड.
शिसं.
ज्योतीखाली लोण्यासारखं मऊ करून
चरबी लावलेल्या लाकडी पट्टीने थापलेलं,
मग कानशीने, मग नुसत्या तळव्याने
अंधारात चाचपून सारखं केलेलं.

अ‍ॅरिझोनाहून हॉकस्ट्राचा फोन आला, तिसऱ्यांदा.
रंग नंतरचा असला तरी चालेल म्हणाला,
इंजिन कुणाचंही असो,
पण शिसं त्याच्याच हातचं ना?
कागद आहे काही?

कागद नव्हता.
दाराचं आतलं अस्तर सोडवलं
तर पत्र्यावर शिसपेन्सिलीने आकडे:
टपाची मापं, त्यांच्याखाली गॅलन,
एश्त्रेला तीन, मिमोझा अडीच, पुन्हा टपाची मापं,
आणि कोपऱ्यात पोर्तुगीजमध्ये, तिरकं:
*मंगळवार. मुलगी.*
पेन्सिलीत शिसं नसतं, ठाऊक आहे मला.
तरी आतलं आणि बाहेरचं
एकाच हाताचं होतं.

"मी बुधवारची," इल्डा म्हणाली.
पुढे काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

डावी बाजू उजवीपेक्षा पाव इंच खाली आहे.
सरळ करून देतो, म्हणणारे तिघे भेटलेत तिला.
मी अहवालात लिहिलं: हात लावू नये.
एवढी एक चूक गेली तर हॉकस्ट्रा फोन ठेवील.

"बाबा हात न धुता पाव खायचे," ती म्हणाली,
"शेवटी शेवटी कप बशीवर वाजायचा,
शेजारच्या खोलीत ऐकू यायचं, आले म्हणून."
अहवालात याला रकाना नाही.

तिने चुंबक मागून घेतलं.
खांबाला लावायची, सोडायची,
पडलं की झेलायची.
सत्तरीची बाई, किती वेळ.

मग आकडा विचारला. मी सांगितला.
तिने नजर वर लावून हिशेब केला, ओठ हलवत.
"म्हणजे सव्वाशे गाई," ती म्हणाली,
आणि मोठ्यांदा हसली.
"आमच्याकडे बत्तिसाच्या वर कधी गेल्याच नाहीत."