वापर

अशोकस्तंभाजवळ, झेरॉक्सच्या दुकानावरच्या क्लासात
क्षेमकल्याणी मॅडमनी फळ्यावर लिहिलं:
किक द बकेट, म्हणजे मरणे.
मी वहीत उतरवलं.
पुढे 'वापर' म्हणून त्या काही सांगत होत्या,
पण माझी सात-दहाची बस होती.

मार्चअखेर. अंबडचा आमचा व्हॉल्व्हचा कारखाना.
पॅकिंगचे गजाभाऊ तांबट
जेवणाच्या सुट्टीत भिंतीला टेकले ते टेकलेच.
डबा उघडा, शेवग्याची शेंग अर्धी चोखलेली.
लीड्सचा माल दोन दिवस लांबणार.
साहेब म्हणाले, तुझं इंग्रजी बरंय, तूच कळव.

कळवलं.
डिअर सर, अवर गजाभाऊ हॅज किक्ड द बकेट,
काइंडली एक्स्टेंड डिस्पॅच बाय टू डेज.
पाठवताना, खोटं कशाला, छाती जरा फुगली.
'डाइड' काय, कुणीही लिहितं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. दोनच ओळी,
फार जपून लिहिलेल्या,
निजलेल्या घरातून कुणी
चपला हातात घेऊन चालावं तशा.

मॅडमना फोन केला. त्या आधी हसल्या,
मग गप्प झाल्या, मग म्हणाल्या,
अहो, आपण टपरीवर म्हणतो ना, म्हातारा खपला?
त्याच्या दारात चपला काढताना म्हणतो का?

दारात मी काय म्हटलं होतं,
आदल्या संध्याकाळी, तांबट आळीत?
काहीच नाही.
वहिनीच म्हणाल्या, "गेले हो."
इतका साधा शब्द,
रोज दहादा वापरतो मी:
लाइट गेली, बस गेली, माल गेला.

मोरीत तांब्याची बादली होती,
गजाभाऊंच्या वडिलांनी मठारलेली,
ठोक्याशेजारी ठोका, माशाच्या खवल्यांसारखे.
शेवटच्या आंघोळीचं पाणी तीत भरत होतं.
नळाला धार बारीक.
अख्खी आळी ती भरायची वाट बघत उभी,
आणि कुणालाच घाई नव्हती.

धाकट्याचा पाय लागला तिला. चुकून.
टण्ण वाजली.
रडता रडता तो थांबला, वाकला,
बादलीला हात लावून हात कपाळाला लावला,
आणि पुन्हा रडू लागला.

हे लीड्सला कसं कळवायचं
ते मॅडमनाही येत नसणार.

माल तिसऱ्या दिवशी गेला.
आठ खोक्यांवर गजाभाऊंच्याच हातचे
काळ्या मार्करचे बाण होते:
ही बाजू वर.