वाचून दाखविले, बरोबर आहे

उदगीरच्या तहसीलसमोर, झेरॉक्सच्या टपरीला पाठ लावून
अप्पा एकतीस वर्षं लोकांचं लिहीत बसले.
रेक्झिनची पिशवी, दोन कार्बन,
वाऱ्यासाठी नदीतला एक गोटा,
आणि जांभळ्या शाईची डबी.
उन्हाळ्यात ती तासातासाला सुकायची,
मग पेल्यातल्या पाण्याचे दोन थेंब.

रेशन कार्डात सासूचं नाव राहिलं,
बांधावरची बाभूळ कुणी तोडली,
मेलेल्याची पगार चालू, जित्याची बंद.
माणूस रडत सांगायचा, शिव्या देत सांगायचा,
अप्पा लिहायचे : सदरहू अर्जदार नम्रपणे कळवितो की.
मला राग यायचा. एवढं रडं गेलं कुठं?
अकरावीत असताना एकदा विचारलंच.
म्हणाले, रडं त्याचं आहे,
तो घेऊन जातो की घरी परत.

पण अंगठा घेण्याआधी
सगळा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचे.
एसटीनं हॉर्न मारला तर पुन्हा.
कान अधू असेल तर तिसऱ्यांदा.
कुणी म्हणालं, ‘अप्पा, म्हैस न्हवं, रेडकू,’
की नवा कागद. पैसे तेवढेच.
तळाशी कायमची ओळ :
वाचून दाखविले, बरोबर आहे.

मी कथा लिहिल्या.

पहिल्या पुस्तकात बुरुडगल्लीतली निलावती होती.
तिचा मुलगा बिदरकडे गेला, तो आलाच नाही.
मी तिच्या उंबऱ्यावर रोज तिन्हीसांजेला दिवा ठेवला,
नऊ वर्षं, पार शेवटच्या पानापर्यंत.
लातूरला त्या दिव्याला बक्षीस मिळालं.
एक बाई माइकजवळ रडल्या.
शाल अजून कपाटात आहे, डांबरगोळीसकट.

अप्पांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं.
पाठीमागचा माझा फोटो, किंमत,
मग शेवटचं पान. पुन्हा शेवटचं पान.
‘अंगठा कुठं आहे?’

मला वाटलं, म्हातारा झालाय.

ते गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी
मी पुस्तक घेऊन बुरुडगल्लीत गेले.
ती कामट्या तासत बसली होती.
‘वाच,’ म्हणाली, हात न थांबवता.
चौदा पानं वाचली. मध्ये कोंबड्या आल्या, पाण्याचा नळ आला.
‘तिच्या डोळ्यांत युगांची प्रतीक्षा’ इथं
मला खोकला आला, म्हणजे आणला,
आणि ओळ गाळली.

‘दिवा?’ ती म्हणाली.
‘गोडतेल काय भाव हाय, ठाव हाय का तुला?
नऊ वर्सं दिवा लावूलालाव म्हणं मी!’
शेजारणीला हाक मारून सांगितलं. तीही हसली.
‘आन् लुगडं हिरवं लिवलीस.
माझ्याकडं हिरवं कवाच न्हवतं.
आन् ह्ये सूप न्हाई माय, डालगं हाय.’

शेजारीण गेली.
तिनं कोयता खाली ठेवला
आणि त्या रात्रीचं बोलली.
दार. कडी.

इथं सहा ओळी होत्या.

‘ह्ये लिवू नको,’ म्हणाली.
‘आन् त्ये दिव्याचंबी पुन्ना छापू नको.’
मग काय लिहू, असं तोंडावर आलं होतं.
तिनं डालगं पुढं ओढलं, मी चप्पल घातली.

चौकात लोक अडवतात, मॅडम, आमच्यावर लिहा,
नगरपालिकेवर लिहा, जावयावर लिहा.
एक जण रस्ता ओलांडून पलीकडून जातो,
त्याच्यावर मी लिहिलंय.

परवा पिशवीत अप्पांची डबी सापडली.
दोन थेंब टाकले तर अजून रंग सोडते.
बोट बुडवून माझाच अंगठा वर्तमानपत्रावर उठवून पाहिला,
बाजारभावांच्या रकान्यावर.
तीन दिवस निघाला नाही.

सोमवारी बुरुडगल्लीत जायचं म्हणते, हे कागद घेऊन.
दार आणि कडी,
हे दोन शब्द
तिला विचारायचे राहिलेत.