गच्चीवरची भेंडी

उम्म अल कुवैनला पहाटे पाच वीसला
खाडीवर अजून धूळ उठलेली नसते.
तेवढाच वेळ मिळतो.
साडेसातनंतर बॅटरी तापते, पडद्यावर लाल अक्षरं येतात
आणि आकाश पिठाच्या चाळणीसारखं होतं.

बिजॉयने पहिल्याच दिवशी बजावलं होतं:
समुद्राकडून ये. हळू. जणू गिऱ्हाइकालाच
पंख फुटलेत आणि त्याला कसलीही घाई नाही.
मैला उपसणारा टँकर दिसता कामा नये,
शेजारचा ओसाड प्लॉट दिसता कामा नये,
आणि डावीकडे तर वळूच नकोस.
डावीकडे कामगारांच्या खोल्या आहेत.
तिसऱ्या रांगेत माझी.

व्हिला नंबर एकोणीस. पाच बेडरूम, दोन स्वयंपाकघरं,
एक दाखवायचं, एक रांधायचं.
तीन वर्षं पडून आहे.
पूलमध्ये पाणी कालच सोडलंय, शूटिंगपुरतं.

आमच्या श्रीवर्धनला नारळ काढायला येणारा पाडेली
माडावर चढण्याआधी मोठ्यानं हाक द्यायचा.
वरून सगळ्यांची परसं दिसतात ना,
न्हाणीघरं, वाळत घातलेली लुगडी,
कुंपणापाशी कोण कोणाशी बोलतंय.
हाक ऐकून माणसं सावरून बसायची.
मग तो चढायचा.
माझ्या ड्रोनला असली हाक नाही.
गुणगुणतो फक्त, गांधीलमाशीसारखा,
आणि तोवर सगळं बघून झालेलं असतं.

चाळीस मीटरवरून कॅमेरा झुकवला
तर गच्चीवर काहीतरी हिरवं.
खाली आणला, आणखी खाली.
रंगाचे रिकामे डबे, सोळा.
त्यांत भेंडी, चांगली कंबरेइतकी.
पाण्याच्या दोन टाक्यांमधल्या सावलीत सतरंजी,
सतरंजीवर वॉचमन राजलिंगू, जगित्यालचा,
वर बघत एक हात उचललेला.
नमस्कार की हाकलणं, ते वरून कळेना.

बिजॉयने पडद्यावर बोट ठेवलं.
हे काय? भेंडी?
चाळीस लाख दिरहमच्या घरावर?
दुपारपर्यंत साफ करायला सांग. उद्या पुन्हा उडव.

मी सांगायला वर गेलो.
राजलिंगूने वाद घातला नाही.
एसीतून गळतं ते पाणी बादलीत धरतो, म्हणाला, तेच घालतो,
मालकाचा एक थेंब घेतलेला नाही.
मग विचारलं, "मैं आया क्या उसमें?"
आलास म्हटलं. अकरा सेकंद.
"तो वो मेरेकू देव ना, भाई."

दुसऱ्या दिवशी गच्ची लख्ख.
डब्यांच्या जागी सोळा गोल डाग राहिले होते,
ते मी रात्री संगणकावर पुसले.
मागे पियानो वाजवला.
तिसऱ्या आठवड्यात घर गेलं.
प्रत्यक्ष न बघताच घेतलं म्हणे कोणीतरी
कुठल्याशा थंडीच्या गावात बसून.

ड्रोनला एक बटण असतं, 'घरी परत'.
दाबलं की जिथून उडाला तिथेच येऊन उतरतो.
म्हणजे बिजॉयच्या गाडीमागचा डांबराचा चौकोन,
रोज वेगळा.
मी ते फारसं मनावर घेत नाही.

राजलिंगूची बदली अजमानला झाली, गोदामावर.
परवा सलूनमध्ये भेटला, अर्धी दाढी फेसात.
ते अकरा सेकंद त्याने गावी पाठवले होते.
बायकोने गल्लीभर दाखवले:
समुद्र, निळा पूल, एवढी थोरली गच्ची,
आणि मधोमध आपला माणूस हात उचलून.
घर कोणाचं, कितीचं, काही नाही विचारलं तिने.
रात्री फोन करून एवढंच म्हणाली,
आणि हे सांगताना तो फेसातून हसला:
भेंडी इतकी जून होईपर्यंत
तोडली कशी नाहीस?