लाइन

शब्दार्थ लिहा, असं फळ्यावर लिहिलं
आणि खाली पहिला शब्द, लाइन.
पुस्तकात शेवटी दिलंय, रेषा.
मी तेच लिहिणार होते, खडू टेकवलाही होता,
तर मागच्या बाकावरून त्रिवेणी उईके उभी राहिली.
"मॅडम, लाइन म्हणजे घर न."

वर्ग हसला. ती नाही हसली.
तिचे वडील हवालदार, राहणं पोलीस लाइन टाकळीत.
शाळा सुटली की तिला लाइनीत जायचं असतं,
लाइनीत पिवळ्या भिंती असतात, आई असते,
दोरीवर वाळणारी खाकी असते.

मग कुणाला थांबवता येणार होतं?
रेशनच्या दुकानात लागते ती, म्हणाला एक.
लोखंडाची, इटारसीकडे जाते ती.
मोठा भाऊ बर्डीवर मारतो ती
(इथे मी डोळे वटारले, हसू दाबलं).
तौहीदचे मामू ट्रकच्या लाइनमध्ये आहेत.
"म्हणजे एकामागे एक ट्रक नाही, मॅडम. म्हणजे धंदा."

फळा भरला. एका शब्दाच्या पंगतीला
इतकी पानं मांडलेली मी पाहिली नव्हती.
सिव्हिल लाइन्स तेवढी राहून गेली.
तिथे झाडं खूप आहेत,
आणि आमच्यापैकी कुणी राहत नाही.

मी वाढले त्या घरात लाइन एकच होती,
जाणारी आणि येणारी.
मे महिन्यात कूलर घरघरून थांबला
की सारी गल्ली एका गळ्यानं ओरडायची, "गेली!"
आणि आमच्या दाराकडे बघायची.
बाबा लाइनमन.
रात्री दोनलाही भिंती हाताला पोळायच्या,
ते सायकलला शिडी बांधायचे.
आई म्हणायची, "दोन घास तं खाऊन जा."

खांबावर चढल्यावर ते खाली विचारत,
"मेली का?"
खालून उत्तर यायचं, "हाव, मेली."
मगच हात लावायचा.
मला वाटायचं, बाबा कुण्या म्हातारीची
चौकशी करतात.

एकदा ती मेली नव्हती.

मेडिकलच्या वॉर्डात दीड महिना.
डाव्या हाताची दोन बोटं गेली,
उजवा तळवा वाचला, पण धुतलेल्या पाटीसारखा.
आयुष्याची, धनाची, प्रवासाची,
सगळं साफ.
बाबा भेटायला येणाऱ्याला तळवा दाखवत,
"भविष्यच नाही राहिलं बाप्पा. सुटलो."

परवा त्यांना पेन्शनच्या दाखल्याला नेलं.
आपण जिवंत आहोत, हे दर नोव्हेंबरात
अंगठा टेकवून सांगावं लागतं.
दीड तासानं आमचा नंबर आला.
यंत्रानं अंगठा घेतला, विचार केला, लाल झालं.
फडक्यानं पुसला. लाल.
खोबरेल लावून पाहिलं. लाल.
खिडकीतला पोरगा म्हणाला,
"आजोबा, लाइनच नाही येऊन राहिली."

बाबांनी मान वर केली.
आधी पंख्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर
थेट खांबापर्यंत जाऊन आले डोळ्यांनी.
"आहे न बे लाइन," ते म्हणाले,
"पंखा तं फिरून राहिला."

शेवटी त्या डोळ्यांवरच काम झालं.
पोरानं दुसरं यंत्र काढलं, म्हणाला, इकडे पाहा, पापणी नका हलवू.
बाबांनी नाही हलवली.

आता चाचणीच्या वह्या घेऊन बसलेय.
त्रिवेणीनं पुन्हा तेच लिहिलंय,
लाइन, घर.
उत्तरसूचीत रेषा. एक गुण.
लाल पेनाचं टोपण काढलं आणि
गेली.

गल्लीतून आवाज उठला.
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली त्यांना,
पलंगाखाली, अंधारात,
कुणीतरी पायानं चप्पल चाचपतंय.